विहीणबाईंचं वजन

विहीणबाई गुडघ्याच्या उपचारासाठी महिनाभर आमच्याकडे राहायला येणार, असा सुनेचा फोन आला तेव्हा मी मोड आलेल्या मटकीची वाटी पुढ्यात घेऊन बसले होते. मटकी, वर लिंबू पिळलेलं, शेजारी काकडीच्या चकत्या. सून पुण्याहून बोलत होती. "आई, सोलापूरच्या डॉक्टरांनी रोज मशीनवर शेक आणि व्यायाम सांगितलाय. मंगळवेढ्याहून रोज एसटीनं ये-जा तिला झेपायची नाही."

"अगं, विचारतेस काय? त्यांचंच घर आहे," मी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. मग फोन ठेवला, आणि समोरच्या मटकीकडे बघितलं. विहिणीला मटकीची वाटी कशी वाढायची?

मी घरी ब्लाऊज शिवते. लग्न झाल्यापासून मशीनवर बसून आहे आणि मशीनच्या डाव्या हाताला कायम काहीतरी खायचा डबा. भाजलेल्या शेंगा, चिवडा, नाहीतर भाकरीच्या कडक तुकड्याबरोबर शेंगाचटणी. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर डॉक्टर म्हणाले, साखर अगदी काठावर आली आहे, औषध नको असेल तर वजन उतरवा. मुलानं माझ्या फोनमध्ये एक अॅप घालून दिलं. जे खाल ते त्याला सांगायचं, ते कॅलरी सांगतं. सुरुवातीला मी त्याच्यावर चिडत होते, कारण शेंगदाण्याबद्दल त्याचं मत फार वाईट होतं आणि आमच्या सोलापुरात शेंगदाण्याशिवाय पातळ भाजी होत नाही, सुकी होत नाही, चटणी तर नाहीच नाही. पण हळूहळू मला त्याचा नाद लागला. संध्याकाळी थोड्या कॅलरी शिल्लक राहिल्या की मला सणावाराचा आनंद व्हायचा. वजन उतरायला लागलं होतं. माझेच ब्लाऊज मला सैल होत होते आणि मी आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी राहत होते.

आमच्या ह्यांचा यात काही संबंध नव्हता. ते ताटभर जेवतात, वर दूधभात खातात आणि तरी त्यांची पँट पट्ट्यावरच उभी असते.

आता विहीण म्हणजे काय, हे ज्याच्या घरात लग्न झालंय त्याला सांगायला नको. तिच्या पानात काही कमी पडलं तर ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. विहीणबाई परत जाऊन "मला रोज मटकी घातली" असं म्हणाल्या तर मंगळवेढ्याच्या बाजारात मला तोंड दाखवता आलं नसतं. मी अॅप बंद केलं, वजनाचा काटा पलंगाखाली सरकवला, मोड आलेली मटकी शेजारणीला दिली आणि तूप कढवायला घेतलं.

व्याही त्यांना सोडायला आले. बरोबर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, शेंगांचं पोतं, हुलगे, सुक्या मिरच्या. विहीणबाई अंगानं उंच आणि भरदार. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या, व्याही पाठीमागून हात पसरून येत होते आणि प्रत्येक वळणावर आम्ही सगळेच थांबत होतो. वर आल्यावर व्याह्यांनी पाणी घेतलं आणि निघताना मला हळूच म्हणाले, "ईनबाई, ती लाजंल, मागायची न्हाई. तुमी आग्रह करून वाढा. तिला खायाला लागतंय बरं का."

"तुम्ही काळजीच करू नका," मी म्हणाले.

पहिल्या आठवड्यात मी जे काही केलं त्याला स्वयंपाक म्हणणं कमी पडेल. पुरणपोळी आणि कटाची आमटी, शेंगापोळी, धपाटे, भरली वांगी, मसालेभात, आणि सगळ्यावर तूप. विहीणबाई पानावर हात आडवा धरून म्हणायच्या, "बास, बास, ईनबाई." पण सगळ्याच विहिणी तसं म्हणतात, म्हणून मी आणखी एक वाढायची. मग त्या म्हणायच्या, "मला एकटीलाच का? तुमीबी घ्या की." त्यांनी म्हटल्यावर मी न घेऊन कसं चालेल? मग मीही घ्यायची. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो, एकमेकींना वाढायचो आणि एकमेकींच्या धाकानं गिळायचो. मजा फक्त आमच्या ह्यांची चालली होती. एका दुपारी ते मला म्हणाले, "विहीणबाई फार चांगल्या आहेत हो. अजून थोडे दिवस राहू देत."

तरीही रोज पोळ्या उरायच्या, आणि माझ्या पानातली एखादी मी पदराआडून बाजूला काढून ठेवायला शिकले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे. तिथं एक बाई गाय बांधून बसते. येणारे-जाणारे तिच्याकडून हिरव्या चाऱ्याची पेंढी विकत घेऊन गाईला घालतात. मी सकाळी दूध आणायला जाताना पिशवीत पोळी घालून न्यायला लागले. गोग्रास म्हटलं की कुणी काही विचारत नाही, आणि पोळी वाया गेली असंही वाटत नाही.

एक दिवस सकाळी एका नवरीचे ब्लाऊज द्यायचे होते, म्हणून देवळाकडे जायला संध्याकाळ झाली. मी पिशवीतून पोळी काढली, गाईनं मान लांब केली आणि गाईवाली बाई म्हणाली, "बाई, तुमची पोळी ठेवा तुमच्याजवळ."

"का हो?"

"चार दिस झालं, ही गवताला तोंड लावंना. पेंढी टाकली की माझ्याकडंच बघत बसती. सकाळी तुमी पोळी आनता, संध्याकाळी त्या दुसऱ्या बाई आनतात. गिऱ्हाईक पेंढी घेतंय आन ही तोंड फिरवती. माझा धंदा कसा चालायचा?"

"दुसऱ्या कोण बाई?" मी विचारलं.

"ह्या काय, आल्या की."

मी वळून बघितलं. विहीणबाई लंगडत लंगडत येत होत्या. त्या रोज संध्याकाळी दर्शनाला जातात हे मला माहीत होतं. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं आणि त्यात काहीतरी गोल होतं. त्यांनी मला बघितलं, माझ्या हातातली पोळी बघितली आणि जागच्या जागी थांबल्या.

"गोग्रास," मी म्हणाले.

"व्हय," त्या म्हणाल्या, "आमी बी त्योच."

गाईनं माझी पोळी सोडली आणि मान त्यांच्या पदराकडे वळवली, कारण त्यांच्या पोळीला तूप जास्त होतं. मीच लावलेलं. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग सगळं अंग. त्या देवळाच्या पायरीवर बसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही त्यांच्या शेजारी बसले. गाईवाली बाई आम्हा दोघींकडे काळजीनं बघत होती.

बऱ्याच वेळानं विहीणबाईंना बोलता आलं. "डाक्टर म्हंतोय, मशीननं कायबी व्हायचं न्हाय, वजन उतरवा. गुडघ्यावर वझं लई झालंय. पर तुमच्या हातचं नको कसं म्हनायचं? लेक दिल्याली हाय तुमच्यात."

मी त्यांना मटकीची वाटी, अॅप आणि पलंगाखालचा काटा, सगळं सांगून टाकलं.

"काटा म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "तुमी शिवायला बसला की रोज उभी ऱ्हाती मी त्येच्यावर. रोज वाढतंय बघा."

"मग बोलला का नाही?"

"तुमी का न्हाय बोलला?"

"तुम्हाला मटकी वाढू होय मी?"

"आवं, मला मटकी लई आवडती," त्या म्हणाल्या, आणि आम्ही परत हसत सुटलो. देवळात जाणारे लोक वळून बघत होते. त्यातल्या एकानं गाईवाल्या बाईला विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून. ती म्हणाली, "ह्या दोघी इहिनी हायत. पोळ्यांनी याड लागलंय त्यास्नी."

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात वेगळंच राज्य सुरू झालं. स्वयंपाकघराची सूत्रं विहीणबाईंनी घेतली. त्यांच्या भाकरीला मंगळवेढ्याच्या ज्वारीची चव होती आणि ती इतकी पातळ असायची की तव्यावरून काढताना तिच्यातून हात दिसावा. पालेभाजीला फोडणी नावापुरती, पण लसूण ठेचून भरपूर. हुलग्याच्या पिठाचं माडगं, म्हणजे पातळ, गरम, जरासं तिखट पेय. ते थंडीत प्यायलं की कानापर्यंत ऊब जायची. मी फोनला माडग्याच्या कॅलरी विचारल्या तर त्यानं मला मडगावला जाणाऱ्या गाड्या दाखवल्या. दुसऱ्यांदा मोठ्यानं विचारलं तर तिथली हॉटेलं दाखवली.

"न्हाय समजत त्येला," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या हिशेबानं चला."

त्यांचा हिशेब शेतातला होता. शेतात बसून खुरपताना किती सऱ्या काढल्या म्हणजे खाल्लेलं जिरतं, असा. एका भाकरीला अर्धी सरी. पुरणपोळीला तूप धरून दोन सऱ्या. एकदा मी गंमत म्हणून विचारलं, "आणि जिलबी?" त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाल्या, "जिलबीला रान बदलाया लागंल."

पण घरचं झालं, बाहेरचं काय? खरं सांगायचं तर आम्हा दोघींनाही बाहेरचं खाणं मनापासून आवडतं, आणि इतके दिवस ते बोलायची सोय नव्हती. रोज सकाळी आम्ही रिक्षानं व्यायामाला जायचो. रिक्षावाले चाचा ठरलेले होते. पांढरी दाढी, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि गाडी चालवताना कान मागं. आम्ही दोघी मागच्या सीटवर कुठं काय चांगलं मिळतं याच्याच गप्पा मारत असायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी परतीच्या वाटेवर रिक्षा हळू केली आणि आरशात बघून म्हणाले, "अम्मा, नुसत्या बातां करके पेट भरता क्या? चलो, इडली खिलाताऊं."

"नको चाचा, आम्ही दोघी वजन कमी करतोय," मी म्हणाले.

"तो एक प्लेट लेव. दोनों मिलके खाव. आधे में क्या होता?"

किती साधी गोष्ट होती. एक प्लेट, दोन चमचे. चाचांनी आम्हाला शहराच्या पूर्व भागात नेलं. तिथं यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो आणि घराघरांतून तेलुगू बोलणं ऐकू येतं. एका घराच्या ओसरीवर एक बाई इडली काढत होती. वाफ सगळ्या गल्लीत. आम्ही एक प्लेट घेतली आणि बाकड्यावर मध्ये ठेवून बसलो. इडली बरोबर मध्ये कापायची जबाबदारी माझी, कारण कापायचा हात माझा. चटणीत किती शेंगदाणा असेल यावर आमचं थोडं बोलणं झालं, पण चटणी संपल्यावर.

मग आम्हाला कुणी अडवलं नाही. भेळ अर्धी अर्धी. मी एकदा भेळवाल्याला म्हणाले, "शेव घालू नका." विहीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच म्हणाले, "घाला." डोसा अर्धा अर्धा, पण त्याच्या कुरकुरीत टोकावरून भांडण होतं, म्हणून ते टोक एक दिवस त्यांचं, एक दिवस माझं. उसाचा रस एका पेल्यात आणि तो कोण आधी पिणार यावर आणखी वेळ. व्यायाम घेणाऱ्या मुलीनं एकदा विचारलं, "काकू, तुम्ही दोघी बहिणी का?" आम्ही विहिणी आहोत म्हटल्यावर तिला ते खरंच वाटेना.

एका रविवारी चाचांनी आम्हाला मटणाच्या खानावळीत नेलं. आमचे हे मटण खात नाहीत, त्यामुळे घरी होत नाही, आणि विहीणबाईंना खाऊन बरेच दिवस झाले होते. वाढणाऱ्यानं विचारलं, "दोन ताटं?"

"एकच," मी म्हणाले.

"दोघींत एक?"

"हां. आणि रस्सा वाढताना वरची तर्री बाजूला काढा."

तो गेला आणि गल्ल्यावरच्या मालकाशी काहीतरी बोलला. मालकानं मान उंच करून आम्हाला बघितलं. आम्ही एकच भाकरी मोडून दोघींत घेत होतो, मटणाच्या फोडी मोजून वाटत होतो आणि रस्सा चमच्यानं पीत होतो. थोड्या वेळानं मालक स्वतः दुसरं भरलेलं ताट घेऊन आला. अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, हे माझ्याकडनं. लाजू नका. पोटभर जेवा."

त्याला आम्ही गरिबीनं एका ताटात जेवतोय असं वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर इतकी दया होती की खरं सांगायचा धीर होईना. मी विहीणबाईंकडे बघितलं, ती चूक झाली. त्या हसू दाबत होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं. मालकाला वाटलं की त्या रडताहेत. त्यानं आणखी एक भाकरी मागवली. शेवटी मी उठून त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तो इतका हसला की गिऱ्हाइकं जेवण थांबवून बघायला लागली. ताट मात्र त्यानं परत नेलं नाही. आम्ही बाहेरून चाचांना बोलावलं. ते बसले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "मेरा वजन बराबर हाय, अम्मा."

असे तीन आठवडे गेले. एके दुपारी विहीणबाई माझ्या मशीनजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ईनबाई, ह्यो ब्लाऊज बघा की, खांद्यावरनं उतरतोय." दिवाळी झाली की माझ्याकडे बायका ब्लाऊज उसवून घ्यायला येतात. शिवताना शिलाईच्या आत कापड सोडून ठेवायचं असतं, त्याला माया म्हणतात. वजन वाढलं की ती माया उसवून ब्लाऊज सैल करायचा. हंगामभर मी तेच करत असते. आत घ्यायला कुणी आलेलं मला आठवत नव्हतं. मी दोन्ही कुशींना टाचण्या लावल्या. विहीणबाई आरशासमोर आडव्या वळल्या, मग दुसऱ्या बाजूनं वळल्या. पदर जरा जास्त ताठ करून खांद्यावर घेतला.

आणि त्याच ब्लाऊजमध्ये त्या व्याह्यांशी व्हिडिओवर बोलल्या.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. व्याह्यांचा आवाज आला, "लई वाळलीस की गं." विहीणबाई हसल्या आणि दुसरंच काहीतरी सांगू लागल्या. व्याह्यांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात उभे. एका हातात हुरड्याच्या कणसांचं पोतं, दुसऱ्या हातात तुपाची बरणी.

"तसं काय न्हाय," टोपी काढून गुडघ्यावर ठेवत ते म्हणाले. "सहज आलो."

मी आत पळाले. त्या दिवशी आमच्याकडे भाकरी, अंबाडीची भाजी, मटकी आणि माडगं होतं. बदलायला वेळ नव्हता. पानं घेतली. व्याह्यांनी पानाकडे बघितलं, मग बायकोच्या पानाकडे, मग बायकोकडे. मग त्यांनी आमच्या ह्यांना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्यात रोज असंच अस्तंय का?"

आमच्या ह्यांना पुरणपोळी बघून तीन आठवडे झाले होते. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "हल्ली असंच असतं."

मी आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. विहीणबाई माझ्या मागोमाग आल्या. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. त्या तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होत्या.

"हसता काय? ते काय म्हणतील मला?" मी कुजबुजले.

"म्हनू द्या की. थांबा जरा."

बाहेर व्याही हात धुऊन खुर्चीवर बसले होते. विहीणबाईंना बघून म्हणाले, "कापडं भर. दोनची गाडी हाय."

"उपचार राहिलेत अजून," मी म्हणाले.

"राहू द्या. गुडघा काय, आज न्हाय उद्या बरा हुईल. मानूस ऱ्हायलं पायजे." ते माझ्यावर रागावले नव्हते. त्यांचा आवाज बसला होता. हा माणूस रात्रभर झोपला नसावा, हे मला तेव्हा कळलं आणि माझं हसू गेलं.

विहीणबाईंनी चपला घातल्या. "उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्यासंगं चला."

त्या जिना उतरल्या. कठड्याला हात न लावता, पुढं बघत, आमच्याशी बोलत. आम्ही सगळे त्यांच्या मागून. खाली पोचल्या, वळल्या आणि चढायला लागल्या. वळणावर थांबल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या आणि वरून वाकून बघितलं. व्याही खालीच उभे होते, टोपी हातात.

"परत एकदा चढ," ते म्हणाले.

त्या उतरल्या आणि परत चढल्या. या वेळी जरा धाप लागली, पण थांबल्या नाहीत. व्याही खालच्या पायरीवर बसले. आमचे हेही त्यांच्या शेजारी बसले.

"मला वाटलं, पोटाला मिळत न्हाय तिला," व्याही म्हणाले.

"सगळं मिळतंय," वरून विहीणबाई म्हणाल्या. "इडली मिळती, भेळ मिळती, डोसा मिळतोय. रविवारी मटन खाल्लं."

व्याह्यांनी मान वर केली. "मटन? माझ्याबिगर?"

त्यावर त्यांची समजूत घालायला आम्हाला दुपार लागली. दोनची गाडी गेली. मग चारची गेली. आम्ही गच्चीवर शेगडी पेटवून हुरडा भाजला. गरम दाणे तळहातावर चोळून, फुंकर मारून खाल्ले. व्याह्यांनी प्रत्येक कणीस स्वतः भाजलं आणि पहिली मूठ मला दिली. हुरड्याचा हिशेब फोनला विचारावा असं मला वाटलंसुद्धा नाही.

होम मैदानावर सोलापूरच्या ग्रामदैवताची गड्ड्याची जत्रा भरली होती. व्याही मुक्कामाला थांबल्यावर संध्याकाळी तिथं गेलो नाही तर काय करणार? चाचांनी चौघांना एका रिक्षात कोंबलं. जत्रेत दिवे, पिपाण्या, धूळ, आणि धुळीवर भज्यांचा वास. आम्ही मिरचीची भजी घेतली, एकच प्लेट, चौघांत. व्याह्यांना हा प्रकार पटला नाही, तरी त्यांनी एक भजं उचललं. तेवढ्यात विहीणबाई थांबल्या आणि वर बघत राहिल्या. आकाशपाळणा फिरत होता.

"मी कधी बसले न्हाय," त्या म्हणाल्या. "पायऱ्या चढून जाया लागतं, म्हनून."

व्याही म्हणाले, "मला चक्कर येती." आमचे हे म्हणाले, "मी प्लेट धरतो." म्हणून आम्ही दोघीच गेलो. लाकडी पायऱ्या विहीणबाई माझ्या आधी चढल्या. आम्ही पाळण्यात बसलो, दांडी लावली आणि तो मागं मागं वर जायला लागला. विहीणबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. पाळणा अगदी टोकावर पोचला आणि खाली माणसं भरायला थांबला. आम्ही झुलत राहिलो. खाली तलावाच्या पाण्यात ग्रामदैवताच्या देवळाचे दिवे दिसत होते, लांब रेल्वेच्या बाजूला अंधार, आणि सगळीकडे सोलापूर पसरलेलं.

"ईनबाई," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "हितं वर आपलं वजन किती भरंल?"

मी हसायला लागले. त्याही लागल्या. पाळणा हलायला लागला. पाळणेवाला खालून ओरडला, "मावशी, गप बसा," आणि त्यानं आम्हाला आणखीच हसू आलं. पुढच्या पाळण्यातल्या मुली वळून बघत होत्या. खाली दोघे नवरे एकमेकांना खेटून उभे होते, वर बघत होते आणि आमच्या वाटणीची भजी खात होते. ते वरून अगदी स्पष्ट दिसत होतं.

उतरल्यावर व्याह्यांनी विहीणबाईंचा हात धरला, जत्रेच्या गर्दीत, सगळ्यांदेखत, आणि बराच वेळ सोडला नाही.

उपचार पुरे करून त्या गेल्या. माझी साखर काठावरून जरा मागं सरकली आहे. वजन मात्र आपल्या मर्जीनं वर-खाली करतं. एकटीनं अर्धी प्लेट खाता येत नाही, उरलेली अर्धी कुणाला द्यायची? चाचा कधीतरी भेटले की विचारतात, "दुसरी अम्मा कब आती?" विहीणबाई रोज दुपारी फोन करतात. त्यांना आता शेतातून चालवतं. व्याही बांधाबांधानं त्यांच्या मागून जातात, असं त्या सांगतात.

परवा फोनवर म्हणाल्या, "आता तुमी हितं या. महिनाभर ऱ्हावा. माझ्या हातचं खाऊन वाळून दाखवा."

मी माळ्यावरची बॅग खाली काढायला सांगितली आहे.